विहीर माझी, पाणी कुणाचं? भूजलाच्या अर्थकारणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाणी आटायला लागलं की त्याविषयी बोलणं सुरू होतं आणि पहिला पाऊस पडला की थांबतं. खालचे प्रश्न या मधल्या काळात ग्रामसभेत, चहाच्या टपरीवर आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ऐकू येणारे आहेत. उत्तरं महाराष्ट्राच्या, त्यातही काळ्या खडकावरच्या महाराष्ट्राच्या संदर्भात दिली आहेत. पंजाब किंवा गुजरातचा उल्लेख तुलनेपुरताच आहे.

माझ्या शेतातल्या विहिरीचं पाणी माझंच ना?

कायद्याचं जुनं उत्तर जवळपास 'हो' असंच आहे, आणि सगळी गोम तिथेच आहे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याने जमीनमालकाचा एक हक्क मान्य केला: आपल्या जमिनीखालचं, ठरावीक प्रवाहातून न वाहणारं पाणी गोळा करायचं आणि हवं तसं वापरायचं. किती घ्यायचं याला मर्यादा नाही. तेव्हा विहिरीवर मोट चालायची. बैल दमले की उपसा आपोआप थांबायचा, त्यामुळे मर्यादा कागदावर लिहायची गरज कुणाला वाटली नाही. पुढे इंजिन आलं, वीजपंप आला, पाणबुडी मोटर आली. हक्क मात्र होता तसाच राहिला.

सातबाऱ्यावरची हद्द खडकाला ठाऊक नसते. तुमच्या विहिरीत झिरपणारं पाणी वरच्या शेतातून, गायरानातून, कधी शेजारच्या गावच्या डोंगरउतारावरून आलेलं असतं. म्हणजे सगळ्या गावाचं बँकेत एकच खातं, पण चेकबुक प्रत्येक जमीनवाल्याकडे वेगळं. ज्याची मोटर मोठी त्याचा चेक आधी वटतो. आणि ज्याच्या नावावर जमीनच नाही, त्याचं तर खात्यावर नावही नाही.

खोल गेलं की पाणी लागतंच. जमिनीखाली नद्या वाहतात म्हणतात ना?

आपल्याकडे नाही. राज्याचा सुमारे ८० टक्क्यांहून जास्त भूभाग बेसाल्टचा, म्हणजे लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेल्या खडकाचा आहे. यात पाणी साठतं ते वरच्या मुरमात, झिजलेल्या भागात, भेगांत आणि दोन थरांमधल्या सांध्यांत. शंभर घनमीटर असा खडक पाण्याने भरला तरी त्यातून हाती लागणारं पाणी साधारण एक ते तीन घनमीटर. पंजाबच्या गाळाच्या जमिनीत हेच प्रमाण दहाच्या पुढे जातं. म्हणूनच पंजाबचं अनुकरण इथे करता येत नाही. तिथे साठा प्रचंड होता, तो वर्षानुवर्षं उपसत खाली नेता आला. आपली तिजोरीच लहान आहे. एका चांगल्या पावसात ती भरते आणि जोरात उपसा झाला तर फेब्रुवारी-मार्चपर्यंत रिकामी होते.

दोनशे-तीनशे फुटांवर भेग लागली तर बोअरला पाणी येतं, हे खरं. पण त्यातलं बरंचसं वरच्याच थरातून खाली उतरलेलं असतं. खोल बोअर पुष्कळदा नवीन पाणी शोधत नाही, उथळ विहिरींचंच पाणी खालून काढून घेते.

बोअर मी माझ्या पैशाने मारली. शेजाऱ्याचं मी काय घोडं मारलंय?

तुम्ही भरलेले पैसे रिगवाल्याचे, केसिंगचे आणि मोटरचे. तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडहून आलेला रिगचा ट्रक फुटाच्या दराने हिशोब करतो आणि निघून जातो. त्यानंतर शेजारच्या विहिरीचं पाणी दहा फूट खाली गेलं तर तिचा गाळ काढायचा, ती खोल करायची, आडवे बोअर मारायचे, हा खर्च शेजाऱ्याच्या अंगावर. तुमच्या हिशोबात तो कुठेच येत नाही. अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. करणारा एक आणि भरणारा दुसरा असला की ती गोष्ट गरजेपेक्षा जास्त केली जाते, एवढाच त्याचा अर्थ.

मग शेजारीही बोअर मारतो, तुमच्यापेक्षा खोल. तुम्ही दुसरी घेता. पाणी तेवढंच असतं, वाढतो तो फक्त ते वर आणायचा खर्च. १ लाख लीटर पाणी १० मीटरवरून वर काढायला साधारण ५-६ युनिट वीज लागते, १०० मीटरवरून ५०-६०. या शर्यतीत आधी बाहेर पडतो तो कोरडी गेलेली दुसरी बोअर परवडत नाही असा शेतकरी. वरुड-मोर्शीच्या संत्र्याच्या पट्ट्यात आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या केळीच्या पट्ट्यात ही शर्यत कैक वर्षं चालू आहे. लावलेली बाग डोळ्यांसमोर वाळू द्यायची नसते, म्हणून माणूस कर्ज काढून आणखी खोल जातो.

आम्ही उपसलं नाही तर ते पाणी ओढ्याने वाहूनच जाणार. मग उपसलेलं काय वाईट?

हा प्रश्न चांगला आहे. जलसंधारणावर भाषणं देणारे बरेच जण त्याला बगल देतात. बेसाल्टच्या उतारावरच्या शिवारात पावसाळ्यानंतर भूजल खरंच हळूहळू ओढ्या-नाल्यांत झिरपतं. ऑक्टोबरला भरलेली विहीर कुणी हात न लावताही मार्चपर्यंत उतरते. त्यामुळे 'एक थेंबही उपसू नका' हा सल्ला निरर्थक आहे.

पण वाहून गेलेलं पाणी म्हणजे वाया गेलेलं पाणी नव्हे. डिसेंबरपर्यंत ओढा वाहता राहतो तो याच पाण्यावर, आणि खालच्या गावाची रब्बीही त्यावरच असते. भांडण वेळेचं आणि वाट्याचं आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात ज्वारी-हरभऱ्याला दिलेलं पाणी आणि एप्रिल-मेमध्ये उन्हाळी पिकाला दिलेलं पाणी यांत मोठा फरक आहे. उन्हाळ्यात पिकाची तहान जास्त, बाष्पीभवन जास्त, आणि त्याच वेळी गावाच्या पिण्याच्या पाण्याची मदार उरलेल्या तळाशी असते.

सरकारी आकड्यांत महाराष्ट्राचा बहुतेक भाग 'सुरक्षित' दिसतो. मग एवढी ओरड कशाला?

वर्षाला उपसण्याजोगं जितकं भूजल आहे त्याच्या ७० टक्क्यांपर्यंत उपसा असेल तर तालुका सुरक्षित, ७० ते ९० अंशतः शोषित, ९० ते १०० शोषित आणि त्यावर अतिशोषित, अशी केंद्रीय भूजल मंडळाची वर्गवारी आहे. राज्याची सरासरी निम्म्याच्या आसपास येते. या सरासरीत कोकण आहे, गडचिरोली आहे आणि सांगोलाही आहे. शिवाय गणित वार्षिक आहे. वर्षभरात जमिनीत मुरलेल्या पाण्यापैकी निम्मंच वापरलं तरी मे महिन्यात विहीर कोरडी असू शकते, कारण उरलेलं निम्मं तोवर झिरपून गेलेलं असतं. आकडा खोटा नाही. फक्त टँकर कधी लागेल हे सांगायला तो बनवलेलाच नाही.

पाण्याचा ताळेबंद म्हणजे नक्की काय? गावाला तो मांडता येतो?

येतो, आणि सहावी-सातवीच्या गणितावर येतो. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लीटर पाणी. हे लक्षात ठेवलं की पुढचं सोपं.

१,००० हेक्टर शिवाराचं, २,००० वस्तीचं एक गाव धरू. पाऊस ५०० मिलिमीटर. म्हणजे शिवारावर पडलं ५०० कोटी लीटर. बेसाल्टमध्ये यातलं ढोबळमानाने दहा टक्के खाली मुरतं असं धरलं तर हाती आले ५० कोटी. माणशी रोज ५५ लीटरप्रमाणे गावाला वर्षभर प्यायला-वापरायला ४ कोटी. हजारभर जनावरांना रोज ५० लीटर धरलं तर पावणेदोन-दोन कोटी. शेतीला राहिले ४४ कोटी, तेही झिरपून एक थेंब गेला नाही असं मानून.

आता यात उसाचं गणित बसवा. ऊस वर्षभर उभा असतो, त्याची गरज २,००० मिलिमीटरच्या घरात. पावसाचे ५०० वजा केले तरी हेक्टरी दीड कोटी लीटर विहिरीतून द्यायचे. म्हणजे ४४ कोटीत तीस हेक्टर ऊससुद्धा पूर्ण भिजत नाही. तेच पाणी रब्बी ज्वारीला किंवा हरभऱ्याला ७५ मिलिमीटरची एकेक संरक्षित पाळी म्हणून दिलं तर साडेपाचशेहून जास्त हेक्टरला पुरतं. एकीकडे दहा-पंधरा घरं, दुसरीकडे जवळजवळ सगळं गाव.

तुमच्या गावचे आकडे वेगळे येतील, मुरण्याचं प्रमाण खडकाप्रमाणे बदलेल. पण एकदा फळ्यावर मांडलेली ही वजाबाकी पुसली तरी लोकांच्या डोक्यातून जात नाही. अटल भूजल योजनेत राज्यातल्या १३ जिल्ह्यांत असे ताळेबंद झाले. मात्र ताळेबंद ग्रामसेवकाच्या कपाटात राहिला आणि लागवड आधीसारखीच झाली, तर तो फक्त अनुदानाचा कागद.

म्हणजे ऊस बंद करा असंच सांगायचंय ना?

नाही. कोल्हापुरात पंचगंगेकाठी ऊस घेणं आणि बीड-लातूरकडे बोअरवर ऊस घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच काठीने दोघांना हाकलं की चर्चा भांडणावर येते.

ऊसवाल्या शेतकऱ्याला हावरट ठरवणंही अन्यायाचं आहे. त्याचं गणित चोख आहे. उसाला केंद्र सरकार रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी ठरवतं (२०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला, म्हणजे उसातून तेवढी साखर निघाली तर, क्विंटलला ३५५ रुपये) आणि तो देणं कारखान्याला बंधनकारक आहे. गारपिटीत ऊस तूर-कांद्यासारखा साफ झोपत नाही. तोडणीची टोळी कारखाना पाठवतो. उलट तुरीला हमीभाव जाहीर होतो, पण खरेदी केंद्र कधी उघडेल, बारदाना असेल का, याची खात्री नाही. जोखीम कमी आणि पाणी फुकट, मग ऊस न लावणारा वेडाच म्हणायचा.

मामला एवढाच की त्याच्या हिशोबात पाण्याची किंमत शून्य आहे. कृषी खर्च व मूल्य आयोगाने दाखवून दिलंय की राज्यात लागवडीखालच्या क्षेत्रापैकी चारेक टक्के क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचं सुमारे ७० टक्के पाणी घेतो. साखर बाहेर गेली की हे पाणीही गेलं, आणि आता इथेनॉलच्या मागणीने उसाला नवा आधार मिळालाय. बदल घडवायचा तर तो शेतकऱ्याला उपदेश करून घडणार नाही. तूर, हरभरा, करडई यांच्या खरेदीत उसाइतकी खात्री आली तर घडेल. सरकारी तिजोरीतला पैसा कुठे जातो यावर शिवारात काय उगवतं ते ठरतं.

ठिबक लावलं की प्रश्न मिटला?

तुमच्या शेतापुरता मिटला, शिवाराचा नाही. ठिबकने एकरी पाणी कमी लागतं, हे निर्विवाद. पण वाचलेलं पाणी विहिरीत ठेवतो कोण? एक एकराचं दीड एकर होतं. इंग्लंडमध्ये १८६५ साली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने कोळशाबद्दल हेच मांडलं होतं: इंजिनं काटकसरी झाली की कोळशाचा एकूण खप वाढतो. शिवाय पाटपाण्याने दिलेल्या जादा पाण्यातलं काही परत जमिनीत मुरत होतं, तेही थांबतं. ठिबकचं अनुदान देताना क्षेत्रावर मर्यादा घातली तरच बचत खरी.

मोफत वीज बंद केली तर उपसा कमी होईल का?

कमी होईल, पण ते करणारं सरकार पुन्हा निवडून येणार नाही. ही गंमत नाही, धोरणाची खरी मर्यादा आहे. एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना राज्यात वीज मोफत आहे आणि लाभार्थी सुमारे ४४ लाख आहेत. त्याआधीही बऱ्याच पंपांना अश्वशक्तीवर ठोक बिल होतं. एकदा ठोक भरलं की पुढचा प्रत्येक तास फुकटच. मोटर ऑटो स्टार्टरवर टाकून माणूस झोपतो, वीज आली की ती चालू होते, गरज असो-नसो.

इतक्या पंपांना मीटर लावून वाचन घेणं हेच इतकं महाग आणि कटकटीचं आहे की वसुलीतून ते भागत नाही. म्हणून दुसरे रस्ते शोधले गेले. गुजरातने शेतीचे फीडर, म्हणजे वीजवाहिन्या, गावठाणापासून वेगळे करून ठरावीक तास पण नीट दाबाची वीज दिली. पंजाबने २०१८ मध्ये 'पाणी वाचवा, पैसे कमवा' अशा अर्थाची योजना आणली: ठरवून दिलेल्या युनिटपेक्षा कमी वीज वापरली तर फरकाचे पैसे शेतकऱ्याच्या खात्यात. मला ही दिशा जास्त पटते. वीज फुकटच द्यायची असेल तर तेवढेच पैसे रोख द्या आणि युनिटला भाव लावा. मग वाचवणाऱ्याला काहीतरी मिळतं.

सौरपंप तरी चांगला ना?

हवेसाठी चांगला, रात्री पाणी धरायला जाणाऱ्यासाठी तर फारच चांगला. बिबट्याच्या पट्ट्यात हे विचारून पाहा. भूजलासाठी मात्र मोफत विजेइतकाच धोक्याचा, कारण पॅनल बसलं की पाणी उपसायला पुढे खर्च शून्य. गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावी शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी संस्था काढली आणि जादा वीज ग्रिडला विकली. तिथे न उपसलेल्या पाण्याला प्रथमच भाव आला. आपल्याकडे पंप वाटले जातात, जादा वीज विकायची सोय बहुतेकांना नाही.

शेततळं हे तर जलसंधारणच झालं. त्यात काय चूक?

पावसाचं वाहतं पाणी अडवणारं शेततळं चांगलंच. पण प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात खाली काही मुरत नाही, आणि अनेक ठिकाणी ते भरलं जातं विहिरीतून आणि बोअरमधून, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, सगळ्यांचं पाणी वर असताना. सामाईक पाणी आधी उपसून खासगी टाकीत भरायचं आणि उन्हाळाभर त्यातलं काही उन्हाला उडू द्यायचं, याला अनुदान मिळतं. द्राक्ष-डाळिंबवाल्याची बाग वाचते, हे मान्य. शेजाऱ्याची विहीर महिनाभर आधी बसते, हेही मान्य करायला हवं.

जलयुक्त शिवार, नाला खोलीकरण, श्रमदान यांनी पाणी वाढलं नाही का?

बऱ्याच गावांत पहिल्या एक-दोन वर्षांत वाढलं. माथ्यापासून पायथ्यापर्यंत नीट कामं झाली तिथे टिकलंही. पण भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या २०२० च्या अहवालात ९,६०० कोटींहून जास्त खर्चूनही भूजल पातळी वाढवण्यात जलयुक्त शिवारचा प्रभाव फारसा दिसत नाही असा ठपका आहे. पोकलेनने नाला खोल करणं दिसायला मोठं काम असतं, फोटो छान येतो. मुरमाखालचा थर उघडा पडला की तिथलं पाणी उलट नाल्यात उतरून उन्हाला उडतं, हे फोटोत येत नाही.

मूळ अडचण वेगळीच आहे. साठा वाढवायची योजना होती, मागणीवर बंधन घालायची नव्हती. पाणी वाढलं की बोअर वाढल्या.

भूजलाचा कायदा आहे ना? त्याचं काय झालं?

१९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून, म्हणजे गावाला पाणी पुरवणाऱ्या विहीर-बोअरपासून, ५०० मीटरच्या आत नवी विहीर-बोअर घ्यायला बंदी आणली. ती किती पाळली गेली हे आपल्या गावच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीभोवती एक फेरी मारून पाहावं. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम २००९ चा, पण राष्ट्रपतींची संमती मिळून तो लागू व्हायला २०१४ उजाडलं. त्यात ६० मीटरहून खोल विहिरी म्हणजे 'खोल विहीर', अधिसूचित क्षेत्रात त्यांवर निर्बंध आणि उपकर, रिगची नोंदणी, पीक आराखडा अशा तरतुदी आहेत. मसुदा नियम २०१८ मध्ये आले. कागदावर कायदा चांगला आहे. पण दोनशे फुटांनंतर रिग थांबवायला रात्री अकरा वाजता शेतात कोण जाणार, याचं उत्तर त्यात सापडत नाही.

मग लोक आपणहून नियम पाळतात असं कुठे दिसलंय का?

दिसलंय. नियम कोणते, यावर सगळं अवलंबून आहे.

१९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे या इंजिनिअर-उद्योजकाने पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम आजही धाडसी वाटतात. पाण्याचा हक्क जमिनीवर नाही तर माणशी: माणसामागे अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाणी विकता येणार नाही. ऊस लावायचा नाही. योजनेच्या खर्चाचा वीस टक्के हिस्सा लाभधारकांनी भरायचा. १८८२ च्या कायद्याने जमिनीला जखडलेलं पाणी साळुंख्यांनी सोडवलं. त्यांचा हा विचार सरकारी धोरणात कधीच पुरता उतरला नाही, हे महाराष्ट्राचं मोठं नुकसान, असं माझं मत.

हिवरे बाजारमध्ये पोपटराव पवारांच्या पुढाकाराने बोअर फक्त पिण्यासाठी, ऊस-केळी नाही, आणि पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद पाहून ग्रामसभेत पिकांचा निर्णय, हे ठरलं आणि टिकलं.

२००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचा १९६५ चा पीएच.डी. प्रबंध भूजलावरच होता. लॉस एंजेलिसजवळच्या खोऱ्यात उपसा इतका झाला की समुद्राचं पाणी आत घुसू लागलं. तिथल्या उपसा करणाऱ्यांनी कोर्टाच्या छत्राखाली वाटाघाटी करून आपापला उपसा कमी केला. सामाईक गोष्ट शेवटी उद्ध्वस्तच होते, असं नाही. पण वापरणारे कोण, हे ठाऊक हवं, नियम त्यांनीच केलेले हवेत आणि मोडणाऱ्याला काहीतरी भोगावं लागलं पाहिजे. आपल्याकडे फरक असा की तिथे उपसा करणारे काही शेकडा होते आणि वकील लावू शकत होते. इथे एका पाणलोटात चार गावं, दोन भावक्या आणि निवडणूक तोंडावर.

टँकरचा खर्च कोण करतं?

सरकारी टँकर असेल तर आपण सगळे. पिण्याचा उद्भव आटला तो वरच्या बागांच्या उपशाने, आणि त्याची भरपाई करतो करदाता. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्या पहिल्या गाडीत ५ लाख लीटर पाणी होतं. वरच्या हिशोबाने एक हेक्टर उसाला वर्षभरात विहिरीतून द्यावं लागणाऱ्या पाण्याच्या तिसाव्या भागाएवढं.

कोकणात आणि गोव्यात एवढा पाऊस, तिथे काय अडचण?

तिथे जांभा दगड पाणी पटकन पितो आणि तितक्याच पटकन सोडतो. किनाऱ्याजवळ उपसा वाढला की खारं पाणी विहिरीत शिरतं आणि ते सहजासहजी मागे हटत नाही. गोव्याने २००२ मध्येच भूजल नियमन कायदा करून विहिरींची नोंदणी आणि टँकरने पाणी विकण्यावर परवान्याची अट आणली. हॉटेलवाल्याला टँकर विकणारी विहीर आणि शेजारच्या घरची विहीर एकाच खडकात असतात, हा पेच मात्र तिथेही तोच.

आम्ही शहरात सोसायटीत राहतो. आमचा काय संबंध?

महापालिकेचं पाणी कमी पडलं की सोसायटी बोअर मारते, ती आटली की टँकर मागवते. तो टँकर शहराच्या वेशीवरच्या एखाद्या विहिरीवर भरलेला असतो आणि त्या विहिरीचा मालक शेतीपेक्षा पाणीविक्रीत जास्त कमावतो. त्याच्या शेजारचा भाजीवाला काय भोगतो ते सोसायटीच्या देखभाल बिलात दिसत नाही. पुढच्या सर्वसाधारण सभेत दोन गोष्टी विचारा: गच्चीवरचं पावसाचं पाणी बोअरमध्ये सोडायची यंत्रणा नकाशात दाखवली तशी प्रत्यक्षात आहे का, आणि तिचं गाळणं शेवटचं कधी साफ केलं. बहुतेक ठिकाणी पाईप पार्किंगमध्येच संपलेला सापडतो.